मध्ययुगीन युरोपातला नाच: आधी फेर, मग वाद्यं

प्रश्न असा आहे: मध्ययुगीन युरोपात लोक नेमके नाचत कसे, त्याला संगीत कसलं असे, आणि चर्चनं नाच बंद केला होता हे कितपत खरं? त्याला जोडून आणखी एक: आज ‘मध्ययुगीन नृत्यसंगीत’ म्हणून जे ऐकायला मिळतं त्यावर किती विश्वास ठेवायचा?

मी पुण्यात हिंदुस्थानी पद्धतीचं व्हायोलिन शिकले आणि गेली अठरा वर्षं युरोपात व्हिएल वाजवते. व्हिएल म्हणजे व्हायोलिनच्या कितीतरी आधीचं, गजानं वाजवायचं तंतुवाद्य. नाचणाऱ्यांच्या साथीला बसणं हेच माझं मुख्य काम. त्यामुळे उत्तर देताना मी सुरांच्या आधी पायांकडे बघणार आहे.

चित्रपटांत राजवाड्याच्या दालनात जोड्या कमरेत हात घालून गिरक्या घेताना दिसतात. ते चित्र मनातून पुसून टाका. वाल्झ हा १८व्या शतकाच्या अखेरीचा नाच. साधारण ११०० ते १४०० या काळात युरोपातला सगळ्यात सर्रास नाच म्हणजे फेर. हातात हात धरायचे, गोल करायचा किंवा लांब साखळी करायची, आणि गाणं नाचणाऱ्यांनीच म्हणायचं. फ्रेंचमध्ये याला कॅरोल म्हणत. नाताळात आपण ज्या गाण्यांना कॅरोल म्हणतो तो शब्द मुळात या फेराचा. एकानं, किंवा बरेचदा एकीनं, कडवं सांगायचं आणि बाकीच्यांनी पालुपद उचलायचं. भोंडल्यात फेर धरलेल्या कुणालाही ही रचना समजावून सांगावी लागणार नाही.

हे आपल्याला कसं कळलं, हे फार महत्त्वाचं आहे. नाचणाऱ्यांनी स्वतःबद्दल काही लिहून ठेवलं नाही. लिहिलं ते त्यांना थांबवू पाहणाऱ्यांनी. १३व्या शतकातला प्रवचनकार जाक द व्हित्री सांगतो की हा नाच म्हणजे एक वर्तुळ आहे, त्याच्या मध्यबिंदूवर सैतान आहे, आणि सगळे डावीकडे वळतात. फेरात पुढं गाणाऱ्या बाईला तो कळपातल्या पुढच्या, गळ्यात घंटा बांधलेल्या गाईची उपमा देतो. त्याचा राग बाजूला ठेवून वाचा. नाच गोल होता, डावीकडे सरकत होता, गाणं एक बाई सांगत होती आणि बाकीचे तिच्यामागून जात होते, एवढं सगळं त्या दोन वाक्यांत आहे. मी नवीन मंडळींना फेर शिकवते तेव्हा डाव्या पायानं सुरुवात करायला सांगते, त्याला मोठा आधार या प्रवचनाचा.

दुसरा असाच पुरावा क्योल्बिकच्या दंतकथेत आहे. हे सॅक्सनीतलं गाव, गोष्ट ११व्या शतकाच्या सुरुवातीची. नाताळच्या आदल्या रात्री आत मिस्सा चालू असताना काही जणांनी चर्चच्या आवारात फेर धरला. पाद्री थांबा म्हणाला, कुणी थांबेना. त्यानं शाप दिला की आता वर्षभर नाचतच राहा, आणि ते राहिले. गोष्ट दटावणीची आहे, पण सांगणाऱ्यानं ते म्हणत असलेलं गाणंही नोंदवून ठेवलं. बोव्हो घोड्यावरून हिरव्यागार रानातून निघाला, सोबत सुंदर मेर्सविंडा. आणि पालुपद: ‘आपण उभे का? निघत का नाही?’ ही ओळ फेरात उभ्या असलेल्या, पाय शिवशिवत असलेल्या माणसाचीच आहे. ज्यांना आता थांबताच येत नाही त्यांच्या तोंडी ती ऐकून माझ्या अंगावर आजही काटा येतो.

आणि फेर संपलेला नाही. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर साखळीनाच अजून जिवंत आहे. डावीकडे दोन पावलं, उजवीकडे एक. वाद्य एकही नाही. सांगणारा लांबलचक पोवाड्यासारखी गाथा कडव्याकडव्यानं म्हणतो आणि पालुपदाला सगळी साखळी उसळते, झीलकऱ्यांनी ‘जी जी रं जी’ उचलावं तशी. जुलैअखेरीस ओलाव्हसोकाच्या सणाला टोर्सहाव्हनमध्ये मी त्या साखळीत शिरले होते. साखळी लांबते तशी ती आत वळते, स्वतःच्याच समोरून जाते, त्यामुळे सगळे चेहरे एकेक करून डोळ्यांसमोरून सरकतात. विसाव्या कडव्यापर्यंत आपला श्वास शेजारच्याच्या श्वासाला कधी जुळला ते कळत नाही. ताल धरायला ढोल लागत नाही, लाकडी जमिनीवर पडणारी पावलं पुरतात.

सिएना शहरातल्या पालाझ्झो पुब्लिकोमध्ये अँब्रोजो लोरेन्झेत्तीनं १३३८-३९ मध्ये चांगल्या राज्यकारभाराचं भित्तिचित्र काढलं. त्यात शहराच्या भर चौकात नाच चालू आहे. नऊ जण हात धरून साखळीत, आणि दहावी व्यक्ती डफासारखं झांजांचं वाद्य वाजवत उभी. तिचं तोंड उघडं आहे, म्हणजे ती गातेही आहे. साखळीतल्या दोघांनी हात उंचावून कमान केली आहे आणि बाकीचे खालून वाकून जात आहेत. बाजूला दुकानं चालू आहेत, माणसं घोड्यांवरून चालली आहेत. वाद्यवृंद नाही, मंच नाही. एक गळा, एक डफ आणि नऊ जोडी पाय.

आता चर्चच्या बंदीबद्दल. बंदी होती, आणि ती वारंवार घालावी लागली, यातच उत्तर आलं. ५८९ मध्ये टोलेडोच्या धर्मपरिषदेनं संतांच्या सणांना नाचू नका असं बजावलं, आणि पुढची कित्येक शतकं तोच हुकूम निरनिराळ्या ठिकाणी पुन्हा निघत राहिला. पण चर्च म्हणजे एकच एक माणूस नव्हे. फ्रान्समधल्या ओसेरच्या कॅथेड्रलमध्ये ईस्टरला खुद्द धर्माधिकारीच नाचत. जमिनीवर चक्रव्यूहाची नक्षी होती. नव्यानं नेमलेला अधिकारी एक चेंडू आणून द्यायचा, मुख्य अधिकारी तो हातात घेऊन ईस्टरचं स्तोत्र म्हणत पावलं टाकायचा, बाकीचे हात धरून नक्षीभोवती फेर धरायचे आणि चेंडू एकेकाकडे फेकला जायचा. १३९६ च्या नोंदीत हे आहे. बंद झालं ते १५३८ मध्ये.

माझा सगळ्यात जवळचा पुरावा मात्र कातालोनियातल्या मोन्सेरातचा. डोंगरावरचा मठ, काळ्या मेरीमातेचं देवस्थान. यात्रेकरू रात्रभर देवळात जागरण करत आणि त्यांना तिथं गावंसं, नाचावंसं वाटे. दिवसा बाहेरच्या चौकातही तेच. मठवासी काय करतील? त्यांनी त्यांच्यासाठी गाणी लिहून ठेवली. १४व्या शतकाच्या अखेरच्या ‘लिब्रे व्हर्मेल’ या हस्तलिखितात अशी दहा गाणी आहेत, आणि आधी खुलासा आहे की यात्रेकरूंना गायचं-नाचायचं असतं, म्हणून ही शुद्ध भक्तीची गाणी देत आहोत, इतर भक्तांच्या प्रार्थनेत व्यत्यय येणार नाही अशा बेतानं ती वापरावीत. काही गाण्यांवर सरळ ‘गोल नाचासाठी’ असं लिहिलेलं आहे. वारीत किंवा जागरणात वाढलेल्या माणसाला त्या मठवाशांची अडचण आणि शहाणपण दोन्ही लगेच कळेल. नेपोलियनच्या सैन्यानं १८११ मध्ये मठ जाळला तेव्हा ही वही वाचली, कारण ती कुणाला तरी वाचायला दिलेली होती.

वाद्यांकडे वळते. माझं व्हिएल त्या काळी तंतुवाद्यांत श्रेष्ठ मानलं जाई. १३०० च्या सुमारास पॅरिसमध्ये लिहिणारा जोहान्नेस द ग्रोकेओ तसं स्पष्ट म्हणतो. त्याच्या थोडं आधी जेरोम नावाच्या धर्मगुरूनं पाच तारा जुळवायच्या तीन पद्धती नोंदवल्या. त्यातली पहिली मी प्रथम जुळवली तो दिवस मला लख्ख आठवतो. आपल्या भाषेत सांगायचं तर तारा लागतात अशा: पंचम, खालचा षड्ज, वरचा षड्ज, आणि दोन तारा त्यावरच्या पंचमात. पहिली पंचमाची तार पट्टीच्या बाहेर असते, तिच्यावर बोट ठेवायचंच नाही. ती नुसती घुमत राहते. कानाला तानपुरा लागल्यासारखं झालं. घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, सपाट असल्यामुळे गज एकाच वेळी दोन-तीन तारांवरून जातो आणि धून त्या गुंजनातच बुडवून काढावी लागते. व्हायोलिनचा एक-एक सूर सुटा काढायची सवय मोडायला मला दोन वर्षं लागली.

पण इथं एक सावधगिरी हवी. षड्ज-पंचम ऐकू आले म्हणून तो राग होत नाही. त्यांच्याकडे स्वरांच्या आठ चौकटी होत्या, पण बढत, म्हणजे राग टप्प्याटप्प्यानं फुलवणं, नव्हती. नाचाच्या धुनेत आलाप घालणं मला साफ चुकीचं वाटतं.

खरं नातं आहे ते वाद्यांच्या नावांत आणि घडणीत. धर्मयुद्धांच्या काळात युरोपात आलेल्या जोडीच्या छोट्या नगाऱ्यांना इंग्रजीत ‘नेकर’ म्हणत. तो शब्द अरबी ‘नक्कारा’, म्हणजे आपला नगाराच. शॉम हे दुहेरी पातीचं खणखणीत वाद्य पूर्वेकडून आलेलं, सनईच्या गोतावळ्यातलं. म्हणजे आपल्या देवडीवर वाजणाऱ्या सनई-चौघड्याचे भाऊबंद तिकडच्या राजवाड्यांच्या सज्जात बसून नाचाला साथ करत होते. ल्यूट हा अरबी ऊद, रेबेक हा रबाब. कॅस्टीलचा राजा दहावा आल्फोन्सो यानं १३व्या शतकात मेरीमातेची चारशेवर गीतं जमवली. त्यातल्या एका प्रतीत दर दहाव्या गीतापाशी वादकांचं चित्र आहे, आणि त्या चित्रांवरून आजचे कारागीर वाद्यं घडवतात. गरिबाघरच्या नाचाला मात्र एकच माणूस पुरे: डाव्या हातात तीन भोकांची बासरी, उजव्या हातात टिपरू, आणि मनगटाला अडकवलेला छोटा ढोल.

वाजवणाऱ्यांत बायाही होत्या, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. १३२१ मध्ये पॅरिसच्या वादकांनी आपल्या धंद्याची नियमावली करून घेतली, तिच्यावर सदतीस नावं आहेत आणि त्यांत बायकांचीही आहेत. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डच्या दरबारी हिशेबात माटिल्डा मेकजॉय या कसरतीचे नाच करणाऱ्या कलावतीला दिलेल्या पैशांची नोंद सापडते.

मग धुना कुठल्या? लिहिलेल्या, एकाच स्वरओळीच्या नाचधुना सगळ्या मिळून पन्नासाच्या आसपास उरल्या आहेत. एवढ्याच. पॅरिसच्या एका राजेशाही गीतसंग्रहात कुणीतरी १३०० नंतर रिकाम्या जागांत अकरा नाच लिहून ठेवले. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इटालियन हस्तलिखितात पंधरा आहेत. यातल्या बऱ्याचशा एस्टांपी या प्रकारच्या. त्या नाचायच्या की बसून ऐकायच्या यावर अभ्यासकांचा वाद आहे. ग्रोकेओ म्हणतो की तिच्या अवघडपणामुळे तरुणांचं मन तिच्यात गुंतून राहतं आणि वाईट विचारांपासून दूर राहतं.

तिची रचना समजली की सगळ्या नाचसंगीताची किल्ली मिळते. धून तुकड्या-तुकड्यांची असते आणि प्रत्येक तुकडा दोनदा वाजतो. पहिल्यांदा शेवट ‘उघडा’: धून मूळ स्वराच्या शेजारी येऊन लोंबकळते. दुसऱ्यांदा ‘बंद’: तीच धून घरी, मूळ स्वरावर टेकते. समेची वाट बघणाऱ्या कानाला हे सांगावं लागत नाही. नवे वादक उघड्या शेवटावर दम घेतात आणि तिथंच नाच मोडतो, कारण नाचणाऱ्याचा पाय तेव्हा हवेत असतो. मी तालमीत वादकांना वाद्यं खाली ठेवायला लावते आणि तुकडा गात चालायला लावते. उघड्या शेवटाला वजन पुढच्या पायावर झुकलेलं हवं, बंद शेवटाला दोन्ही पाय जवळ. एकदा अंगात बसलं की गज आपोआप तिथं उचलला जात नाही. लंडनच्या वहीतल्या ‘लामेंतो दी त्रिस्तानो’ या धुनेच्या मागोमाग ‘रोत्ता’ येते: तीच धून, आता बारीक स्वरांत, चपळ. आपण ठाय लयीतली बंदिश दुगुनीत घ्यावी तसं काहीसं. तिथं नाचणाऱ्यांचे चेहरे उजळताना मी दर वेळी बघते.

शब्द आणि धून यांची अदलाबदल कशी होई त्याचाही एक सुंदर दाखला आहे. प्रोव्हान्सचा कवी रँबो द व्हाकेरास उत्तर इटलीत मोन्फेरातच्या दरबारी होता. तिथं फ्रान्सहून आलेल्या दोघा वादकांनी व्हिएलवर एक एस्टांपी वाजवली आणि तिच्यावर शब्द बसवून त्यानं ‘कालेंदा माया’ हे गीत केलं, अशी त्या गीतासोबतची जुनी आख्यायिका सांगते. रँबो १२०७ च्या सुमारास गेला. गीत आजही गातात.

पावलांचं काय? इथं मोठी पोकळी आहे. १५व्या शतकाच्या आधीचं, पावलं सांगणारं एकही युरोपीय पुस्तक नाही. मराठी वाचकाला हे विशेष जाणवावं, कारण १३व्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला आणि त्याचा सातवा अध्याय अख्खा नर्तनाला दिला: डोकं, हात, डोळे, पाय, सगळ्यांच्या हालचाली नावानिशी. त्याच सुमारास पॅरिसमध्ये स्वर लिहायची पद्धत दिवसेंदिवस बारीक होत होती, आणि पाय कसा टाकायचा हे मात्र कुणालाच लिहावंसं वाटत नव्हतं. फेर सगळ्यांनाच येत होता, लिहायचा कशाला?

लिहिणं सुरू झालं ते दरबारात नाचाचे गुरू नेमले गेले तेव्हा. १५व्या शतकाच्या मध्यावर दोमेनिको दा पियाचेंझानं इटलीत पहिला ग्रंथ रचला. त्याचा शिष्य, पेझारोचा ज्यू नृत्यगुरू गुलिएल्मो एब्रेओ, याचा ग्रंथ १४६३ चा. तालाची परीक्षा घ्यायला गुलिएल्मो काय सुचवतो बघा: नाचणाऱ्यानं मुद्दाम तालाविरुद्ध नाचून पाहावं, आणि वाजवणाऱ्यानं नाचणाऱ्याला चुकवायचा प्रयत्न करावा. आम्ही हे दर शनिवारी करतो आणि तासाभरात दोघांचेही कान उघडतात. दोमेनिकोनं ‘फांतास्माता’ हा शब्द वापरला आहे. एका मात्रेवर, ग्रीक पुराणातल्या, बघणाऱ्याचा दगड करणाऱ्या मेदुसेचं मस्तक दिसल्यागत दगड होऊन थांबायचं, आणि दुसऱ्या क्षणी ससाण्यासारखं झेपावायचं. मला तो सगळ्या ग्रंथातला सर्वोत्तम धडा वाटतो. नर्तक थबकतो तेव्हा व्हिएलचा घुमणारा पंचम एकटा उरतो, आणि तो उरावा म्हणूनच मी तेव्हा धून सोडते.

बर्गंडीच्या दरबारचा नाच ‘बास दांस’, पाय जमिनीलगत ठेवून जोडीजोडीनं मिरवत जायचा. ब्रसेल्सच्या ग्रंथालयात त्याची वही आहे: काळा रंगवलेला चर्मपट, वर सोन्या-चांदीची अक्षरं. सारख्या लांबीच्या स्वरांची नुसती ओळ, आणि खाली पावलांची आद्याक्षरं, नमन, एकेरी पावलं, दुहेरी पाऊल अशी. एक स्वर, एक पाऊल. बाकी सगळं शॉम आणि सरकत्या नळीचं तुतारीसारखं वाद्य वाजवणाऱ्यांनी त्या ओळीवर तिथल्या तिथं रचायचं. अशी ओळ बघून ‘हे कंटाळवाणं संगीत आहे’ म्हणणं म्हणजे तबल्यासाठी फिरत राहणारी धून, नुसता लेहरा, ऐकून तबल्याबद्दल मत देण्यासारखं आहे.

यावरून आजच्या ध्वनिमुद्रणांबद्दलच्या प्रश्नाला उत्तर देता येतं. स्वर, आणि बरेचदा तालाचं वळण, हस्तलिखितातलं असतं. साथीचे सूर, वाद्यांची निवड, गती आणि सगळा ढोल-ताशा आम्ही घातलेला असतो. त्या वह्यांत तालवाद्याची एकही ओळ नाही. चित्रांत डफ, ढोल, नगारे आहेत आणि ग्रोकेओ एका नाचधुनेबाबत योग्य ठोक्यांचा उल्लेख करतो, त्यामुळे तालवाद्य असावं. पण सहा जणांचा ताफा अरबी ठेके वाजवत असेल आणि धून त्याखाली चिरडली जात असेल, तर ती आजच्या मैफिलीची आवड आहे. ऐकताना तुकडे मोजा. उघडा आणि बंद शेवट वेगळे ऐकू आले नाहीत, तर वाजवणारा नाचाच्या विचारानं वाजवत नाही.

स्वतः करून बघायचं असेल तर मोन्सेरातच्या वहीतलं ‘स्तेल्ला स्प्लेंदेन्स’ घ्या; त्यावर गोल नाचाची सूचना आहे आणि ते पालुपदानंच सुरू होतं. सहा-आठ माणसं जमवा, हात धरा, वाद्य अजिबात घेऊ नका. वहीत पावलं नाहीत, म्हणून ती फेरोकडून उसनी घ्या: डावीकडे दोन, उजवीकडे एक. कडवं एकानं सांगावं, आणि त्या वेळी बाकीच्यांनी पावलं लहान करावीत. पालुपद आलं की फेर मोठा करा. साधारण चौथ्या फेरीला कुणीतरी पावलांकडे बघायचं विसरतं आणि मान वर करून समोरच्याकडे बघतं. मी व्हिएल हातात घेते ती त्यानंतर.